गुलाबाचं फूल, पंचवीस रुपये आणि केळुसकर गुरुजींचं पुस्तक

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा आणि रात्री वाचा. पण वाचा.

सप्टेंबर लागला की आपल्या पुलगावात दोन गोष्टींचा भाव वाढतो. एक गुलाबाचं फूल, दुसरं पेनाचं ते पारदर्शक डब्बीतलं पाकीट. 5 तारखेला सकाळी लेकरं हातात फूल घेऊन शाळेत निघालेली दिसतात. दहावीच्या पोरी आईची साडी नेसून एक दिवसाच्या मॅडम होतात, पोट्टे वडिलांचा शर्ट खोचून सर होतात, एखादा शहाणा मुख्याध्यापक होऊन खऱ्या मुख्याध्यापकांना उशीर का झाला म्हणून विचारतो. मजा असते. दुपारी शाळेकडून माझ्या फोनवर फोटो येतात, खाली दोन ओळी: शिक्षक दिन उत्साहात संपन्न. वीस वर्षं झाली, मी ती बातमी लावतोय. नाव आणि फोटो बदलला की बातमी तयार.

ओळखीच्या एका गुरुजींनी मागे एकदा हसत सांगितलं होतं, "पाच सप्टेंबर म्हणजे आमचा पोळा बाप्पा. त्या दिवशी शिंगं रंगवायची, झूल टाकायची, पुरणपोळी चारायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा जू मानेवर." विदर्भातल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगायची गरज नाही. जू म्हणजे काय तेही तुम्हाला माहीत आहे. मतदारयादी, जनगणना, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, हे ॲप, ते ॲप, आणि या सगळ्यातून वेळ उरला तर फळा.

मला आज लिहायचंय ते वेगळंच. विद्यार्थ्यांनी शिक्षकाचे आभार मानायचे कसे, हा प्रश्न आपल्याकडे काही पहिल्यांदा पडलेला नाही. त्याला आपल्या महाराष्ट्रात मोठा इतिहास आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा तुकडा पुलगावपासून चाळीसेक किलोमीटरवर घडलेला आहे. तो आपण विसरलोय म्हणून ही पोस्ट.

आधी वर्गणीचं बोलून घेऊ. गेल्या काही वर्षांत वर्गावर्गाचे पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुप झाले. ऑगस्टच्या शेवटी त्यावर मेसेज पडतो, मॅडमला गिफ्ट द्यायचंय, प्रत्येकी शंभर रुपये. मग कोणी जमा केले, कोणी नाही, याची यादी ग्रुपवरच. गावातल्या एका शाळेत (नाव लिहीत नाही) एक लेकरू त्या दिवशी शाळेतच गेलं नाही, कारण यादीत त्याच्या बापाच्या नावापुढे टिक नव्हती. बाप हातमजुरीवर. त्या मॅडमला हे कळलं तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? त्यांनी गिफ्ट मागितलंच नव्हतं.

दक्षिण कोरियात शिक्षक दिन 15 मे रोजी असतो. त्यांची लिपी ज्याच्या काळात तयार झाली त्या सेजोंग राजाचा तो जन्मदिवस. त्या दिवशी शिक्षकाच्या छातीवर कार्नेशनचं फूल लावायची तिथली जुनी पद्धत. पण फुलावरून प्रकरण पाकिटावर गेलं, पाकिटावरून आणखी पुढे. शेवटी 2016 मध्ये लाचखोरीविरोधी कडक कायदा लागू झाला. त्यात शिक्षकही आले. अर्थ असा लावला गेला की एकट्या विद्यार्थ्याने आपल्या शिक्षकाला फूल देणंसुद्धा नियमात बसत नाही. वर्गाच्या प्रतिनिधीने सगळ्यांसमोर दिलं तर चालेल. आपल्याला हा अतिरेक वाटेल. मलाही वाटला. पण त्या शाळेत न गेलेल्या लेकराचं आठवलं आणि मग तेवढा वाटला नाही.

आता मागे जाऊ.

इंग्रज सरकारने शाळा काढायच्या आधी आपल्याकडे पंतोजींच्या शाळा होत्या. ओसरीवर नाहीतर देवळात, धूळपाटीवर अक्षरं. पंतोजीला सरकारी पगार नव्हता. पोरांच्या घरून थोडी रोकड, थोडं धान्य, सणावाराला शिधा, कधी धोतरजोडी. आज आपण ज्याला भेट म्हणतो तोच त्याचा पगार होता. त्यामुळे त्याचा मान होता आणि त्याची लाचारीही होती, दोन्ही एकाच ताटात. ज्याच्या घरून जास्त शिधा त्याच्या पोरावर पंतोजीचा हात हलका पडणार, हे उघड आहे. आणि त्या ओसरीवर कोणाच्या पोरांना बसायला मिळायचं आणि कोणाच्या नाही, हे मी सांगायला नको. गुरुशिष्य परंपरा किती थोर वगैरे लिहिताना हे आपण हळूच गाळतो. एकलव्याची गोष्टसुद्धा आपण लेकरांना गुरुभक्तीची म्हणून सांगतो. अंगठा कोणाचा गेला आणि का गेला, हा प्रश्न पोरं विचारतात तेव्हा आपण विषय बदलतो.

त्या ओसरीबाहेरच्या पोरींसाठी आणि पोरांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शाळा काढल्या. त्या शाळेतली एक लहान मुलगी, मुक्ता साळवे, मांग समाजातली. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात देवाधर्माला, सत्तेला तिने जे प्रश्न विचारले आहेत ते आजही वाचताना अंगावर येतात. माझ्या मते महाराष्ट्राच्या आधुनिक इतिहासात विद्यार्थ्याने शिक्षकाला दिलेली पहिली मोठी पावती हीच. जिथे तोंड उघडायचीही सोय नव्हती तिथे तीन वर्षांच्या शाळेवर एक पोर छापील कागदावर बोलली. सावित्रीबाईंवर शेण आणि माती फेकणाऱ्यांना यापेक्षा मोठं उत्तर कोणतं? आज आपल्या भागातल्या वस्त्यांमध्ये 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती ज्या जिव्हाळ्याने होते, काही संघटना 28 नोव्हेंबर हा जोतीरावांचा स्मृतिदिन शिक्षक दिन म्हणून पाळतात, त्यामागे हा हिशेब आहे. 5 सप्टेंबर हा सरकारी कॅलेंडरचा दिवस, हा आमच्या घरचा, असं एका ताईने मला सांगितलं होतं.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचं. एल्फिन्स्टन आणि डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारा हा माणूस. 6 जुलै 1917 रोजी त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली. त्यांचे विद्यार्थी आणि चाहते यांनी त्या दिवशी त्यांना शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवलं नाही, पुण्यात त्यांच्या नावाची संशोधन संस्था उभी केली. भांडारकरांनी स्वतःची ग्रंथसंपदा त्या संस्थेला देऊन टाकली. म्हणजे विद्यार्थ्यांनी गुरूला संस्था दिली, गुरूने उलटून पुस्तकं दिली. त्या संस्थेने पुढे महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली. देशभरातल्या पोथ्या गोळा करून, ओळ ओळ ताडून पाहायचं काम. 1919 ला सुरू झालं, 1966 ला पूर्ण झालं. सत्तेचाळीस वर्षं! सुरू करणाऱ्यांपैकी कितीजण शेवट बघायला होते? 1966 च्या सप्टेंबरमध्ये ते काम पूर्ण झाल्याची घोषणा करायला पुण्यात आले होते राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन.

तेच ते, ज्यांच्या वाढदिवसाला आपण गुलाब वाटतो.

राधाकृष्णन यांची एक आठवण सगळे सांगतात. 1921 मध्ये ते म्हैसूर सोडून कलकत्ता विद्यापीठात निघाले तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांची बग्गी फुलांनी सजवली, घोडे सोडले आणि स्वतः ओढत स्टेशनपर्यंत नेली. 1962 च्या मे महिन्यात ते राष्ट्रपती झाले. वाढदिवस साजरा करू द्या असा आग्रह झाला तेव्हा, माझा वाढदिवस करण्यापेक्षा तो दिवस शिक्षकांचा म्हणून पाळा, असं त्यांनी सुचवलं. त्या वर्षीपासून 5 सप्टेंबर. जगाचा शिक्षक दिन मात्र 5 ऑक्टोबरला असतो आणि त्याचं मूळ फुलात नाही, कागदात आहे. 1966 मध्ये युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने शिक्षकांच्या दर्जाविषयी शिफारसी मंजूर केल्या. पगार, नोकरीची हमी, प्रशिक्षण, शिकवण्याचं स्वातंत्र्य. त्याची ती तारीख. आपण वाढदिवसाची तारीख घेतली, जगाने हक्काची घेतली. दोन्ही पाळायला हरकत नव्हती.

1967 ला राधाकृष्णन यांच्या जागी राष्ट्रपती झाले डॉ. झाकिर हुसेन. तेही मास्तरच, बावीस वर्षं जामिया मिलियाचे कुलगुरू राहिलेले. आणि इथे गोष्ट आपल्या वर्ध्यात येते.

22 आणि 23 ऑक्टोबर 1937. वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात (पुढचं नवभारत विद्यालय) देशभरातले शिक्षणतज्ज्ञ आणि प्रांतांचे शिक्षणमंत्री जमले होते. अध्यक्ष गांधीजी. नुकतीच प्रांतांमध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळं आली होती आणि पेच असा पडला होता की शाळांना पैसा येतो दारूच्या महसुलातून, आणि काँग्रेसला करायची आहे दारूबंदी. (आमचा जिल्हा दारूबंदीचा आहे. पुढचं मी लिहीत नाही, पुलगावकरांनी आपापलं हसून घ्यावं.) गांधीजींचं म्हणणं, पोरांना हाताला काम देऊन त्या कामातूनच शिकवा, आणि त्यांनी तयार केलेल्या वस्तू विकून निदान शिक्षकाचा पगार तरी निघाला पाहिजे. यावर परिषदेत वाद झाला, पुढेही झाला. मुलांना कामाला जुंपणार का, शाळेचा कारखाना करणार का, असे प्रश्न विचारले गेले आणि ते चुकीचे नव्हते.

परिषदेने अभ्यासक्रम ठरवायला जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते झाकिर हुसेन. तिच्या अहवालात सात वर्षांचं, मातृभाषेतलं, एखाद्या हस्तोद्योगाभोवतीचं शिक्षण मांडलं होतं. जगभर ती 'वर्धा योजना' म्हणून ओळखली गेली. आपल्या गावाचं नाव जगात ज्या थोड्या गोष्टींमुळे गेलं त्यातली ही एक. आणि त्यात शिक्षकाच्या पगाराचा आकडासुद्धा होता: शक्यतो महिना 25 रुपये, कोणत्याही परिस्थितीत 20 च्या खाली नाही.

हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. थोर थोर माणसं बसली, शिक्षणाचं तत्त्वज्ञान मांडलं, आणि त्याच कागदावर मास्तरच्या पोटाचं लिहिलं. 'गुरु साक्षात परब्रह्म' एवढ्यावर भागवलं नाही.

पण त्याच वेळी आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडात दुसरी एक योजना आली. रविशंकर शुक्ल तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्यांची 'विद्यामंदिर' योजना अशी की गावातल्या दानशूरांनी शाळेला जमीन द्यावी आणि त्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा आणि शिक्षक चालावा. शिक्षकाला महिना 15 रुपये. शिवाय वर्षानुवर्षं तेवढ्यावर सेवा करीन अशी प्रतिज्ञा. या योजनेच्या शिक्षकांचं प्रशिक्षण विद्यालय 1938 मध्ये वर्ध्यातच सुरू झालं. जागा थोड्या होत्या आणि अर्जांचा ढीग आला. पंधरा रुपयांवर आयुष्य लिहून द्यायला इतके तरुण तयार होते, याचं तेव्हा फार कौतुक झालं. देशप्रेम होतंच, नाही कोण म्हणतं? पण बेकारीही होती. त्यागाचं कौतुक करताना आपण भूक बघत नाही, ही आपली जुनी सवय. 'मंदिर' या शब्दावरून मुस्लिम लीगने वाद केला, मग युद्ध आलं, मंत्रिमंडळं गेली, आणि ती योजना मागे पडली.

सेवाग्रामात मात्र हिंदुस्तानी तालिमी संघाने नई तालीमची शाळा चालवली. चालवणारे आर्यनायकम आणि आशादेवी, नवरा सिलोनचा तमिळ ख्रिस्ती, बायको बंगाली, दोघेही शांतिनिकेतनातून आलेले. तिथे शिक्षक आणि मुलं एकत्र झाडू मारायची, एकत्र स्वयंपाक करायची, एकत्र कातायची. शिक्षकाचा मान वेगळा काढून ठेवलेला नव्हता. गुरुजी संडास साफ करतात म्हटल्यावर त्यांच्या पाया पडण्यापेक्षा दुसरा झाडू उचलणं जास्त बरोबर, हे पोरांना न सांगता कळायचं. त्याच परिसरात 2005 पासून 'आनंद निकेतन' ही शाळा पुन्हा चालू आहे. वेळ मिळाला तर लेकरांना घेऊन जाऊन बघा. सेवाग्रामची सहल म्हणजे बापूकुटीसमोर सेल्फी आणि परत, एवढीच असायला नको.

आता 25 रुपयांवरून आजच्यावर येतो, कारण ते टाळून ही पोस्ट लिहिली तर तीही गुलाबाच्या फुलासारखीच होईल.

2000 साली महाराष्ट्रात शिक्षण सेवक योजना आली. नवीन लागलेल्या शिक्षकाने पहिली तीन वर्षं मानधनावर काम करायचं. शब्द बघा, 'सेवक' आणि 'मानधन'. जेव्हा पगार द्यायचा नसतो तेव्हा मराठीत फार सुंदर शब्द सापडतात. 2012 पासून हे मानधन प्राथमिकला महिना 6,000, माध्यमिकला 8,000, उच्च माध्यमिकला 9,000 होतं. दहा-अकरा वर्षं तेच. 2023 मध्ये ते 16,000, 18,000 आणि 20,000 झालं. मधल्या काळात डीएड-बीएड झालेले किती तरुण सहा हजारांत घर चालवत होते, ते आपल्या गावात ज्यांच्या घरात असा माणूस होता त्यांना विचारा.

आणि त्यांच्याहीपेक्षा वाईट अवस्था विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांची. 'कायम विनाअनुदानित' या अटीवर शाळा दिल्या गेल्या. 2009 मध्ये त्यातला 'कायम' हा एक शब्द काढला. 2016 मध्ये वीस टक्के अनुदानाचा निर्णय झाला. मग पुढच्या वीस टक्क्यांसाठी आझाद मैदान, पुन्हा पुढच्या वीससाठी पुन्हा आझाद मैदान. सकाळी शाळेत सर आणि सुट्टीत दुसऱ्याच्या शेतात मजुरी, अशी माणसं मला बातमीदारीत भेटलेली आहेत. त्यातले एक सर म्हणाले, "माझा विद्यार्थीच त्या वावराचा मालक होता. त्याने मला ओळखलं अन् मजुरी वाढवून दिली. पोरगं चांगलं निघालं." हे सांगताना ते हसत होते. मला त्या दिवशी बातमी लिहिता आली नाही.

सरकारने शिक्षकांसाठी काहीच केलं नाही असं नाही हो. 2022 मध्ये 'आपले गुरुजी' नावाचा उपक्रम आला होता. वर्गशिक्षकाचा फोटो वर्गात लावायचा! शिक्षक संघटनाच वैतागल्या. आम्ही जिवंत आहोत आणि रोज वर्गात उभे असतो, फोटो कशाला, असा त्यांचा सवाल. आपल्याकडे भिंतीवर फोटो कधी लागतो ते तुम्हाला माहीत आहे.

असो. आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं तिथे येतो.

1907 साल. मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा मॅट्रिक पास झाला. त्या समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणं ही तेव्हा इतकी मोठी गोष्ट होती की सभा भरवून त्याचा सत्कार झाला. सीताराम केशव बोले अध्यक्ष. सभेला कृष्णराव अर्जुन केळुसकर हजर होते. विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक, मराठीतले चरित्रकार. लक्षात घ्या, भीमराव त्यांच्या शाळेत नव्हता. चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा शाळा सुटल्यावर पुस्तक घेऊन बसलेला त्यांना दिसायचा, त्यांनी आपणहून चौकशी केली, पुस्तकं दिली. पटावर नाव नसलेला विद्यार्थी. सत्काराच्या सभेत केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र भेट दिलं.

इथे भेट शिक्षकाने विद्यार्थ्याला दिली, उलटी नाही. पुढे शिक्षणासाठी पैसे नव्हते तेव्हा केळुसकरच त्याला सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती लागली. (पुन्हा पंचवीस! योगायोग आहे, पण माझ्या डोक्यातून जात नाही.) 1912 ला बीए, 1913 ला सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिका, कोलंबिया विद्यापीठ.

बाबासाहेबांनी या सगळ्याची परतफेड कशी केली, ते सलग बघण्यासारखं आहे. 1925 मध्ये त्यांचा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा इंग्रजी प्रबंध ग्रंथरूपाने आला. प्रस्तावना त्यांचे कोलंबियातले प्राध्यापक सेलिग्मन यांची, अर्पण सयाजीराव महाराजांना, शिक्षणासाठी केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून. 1946 मध्ये शूद्र मूळचे कोण यावरचा ग्रंथ आला, तो जोतीराव फुल्यांना अर्पण. जोतीराव 1890 ला गेले, बाबासाहेब 1891 ला जन्मले. भेट शक्यच नव्हती, तरी ते त्यांना गुरू मानत. बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबरीने.

साताऱ्याच्या शाळेत आंबेडकर आडनावाचे एक मास्तर होते. त्यांच्याविषयी बाबासाहेबांनी पुढे स्वतः सांगितलं आहे की मधल्या सुट्टीत ते आपल्या फडक्यातली भाजी-भाकरी रोज या मुलाला द्यायचे. आडनावाची कथा सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावर वाद घालणारेही आहेत, त्यात मी पडत नाही. मला भाकरी महत्त्वाची वाटते. त्या काळात, त्या गावात, त्या जातीच्या मुलाला स्वतःच्या फडक्यातली भाकरी. पुढे बाबासाहेब गोलमेज परिषदेला निघाले तेव्हा या वृद्ध मास्तरांनी त्यांना प्रेमाने पत्र लिहिलं. देशाची राज्यघटना लिहिणाऱ्या माणसाकडे कागदपत्रं काय कमी असतील? त्यांनी ते पत्र जपून ठेवलं होतं.

आणि जॉन ड्युई. कोलंबियातले तत्त्वज्ञ, लोकशाही आणि शिक्षण यांचा संबंध उलगडणारे. 1952 च्या जून महिन्यात कोलंबिया विद्यापीठ बाबासाहेबांना मानद डॉक्टरेट देणार होतं. समारंभ 5 जूनचा. त्यांना न्यूयॉर्कला पोचून ड्युईंना भेटायची ओढ होती. ड्युई 1 जूनला वारले. चार दिवसांनी चुकामूक झाली. बाबासाहेबांनी तिथून माईसाहेबांना लिहिलेल्या पत्रात याचं दुःख लिहिलं आहे, आणि आपलं सगळं बौद्धिक आयुष्य ड्युईंचं ऋणी असल्याचं म्हटलं आहे. एकसष्टीचा माणूस, देशाचा माजी कायदामंत्री, पदवी घ्यायला गेलेला, आणि मास्तर भेटले नाहीत म्हणून हळहळतोय.

शेवटची परतफेड आपल्या जवळची आहे, इथून गाडीने दोन तासांवरची. 14 ऑक्टोबर 1956, नागपूर. त्या बुद्धाची दीक्षा, ज्याचं चरित्र 1907 मध्ये एका मास्तरने सत्काराच्या सभेत हातात ठेवलं होतं. मधे 49 वर्षं. केळुसकर 1934 लाच गेले होते, त्यांनी हे पाहिलं नाही. पण 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी सुरुवात कुठून झाली ते सांगितलं: त्या सभेपासून, दादा केळुसकरांनी दिलेल्या त्या पुस्तकापासून. आयुष्याच्या शेवटच्या वर्षात, तब्येत ढासळलेली असताना, ही नोंद करून ठेवली.

आपल्या गावाकडे बघतो तेव्हा मला वाटतं, आपल्याकडेही असे लोक होते. हे गाव रेल्वेच्या पुलावरून नाव पडलेलं. कापड गिरणी होती तेव्हा पाळीचा भोंगा झाला की अर्धं गाव कामावर, अर्धं घरी. दारूगोळा भांडारामुळे देशभरातले लोक इथे येऊन राहिलेले. गिरणी कामगाराचं पोर, डेपोत काम करणाऱ्याचं पोर, आर्वीच्या छोट्या गाडीने येणारं खेड्यातलं पोर, सगळे एका बाकावर. तेलुगू, हिंदी, वऱ्हाडी बोलणाऱ्या त्या वर्गाला मराठीत शिकवणारे ते मास्तर आणि बाई कोण होते? गिरणी बंद पडली तेव्हा ज्यांच्या घरी पगार थांबला त्या पोरांच्या परीक्षेची फी कोणी भरली? मी विचारत फिरतो तेव्हा प्रत्येकाकडे एक तरी नाव निघतं. छापील कुठेच नाही. गिरणीचा इतिहास मिळेल, डेपोचा मिळेल, आमदारांचा तर मिळेलच.

हल्ली दहावीच्या जुन्या बॅचेसचे मेळावे जोरात आहेत. मंगल कार्यालय, एकसारखे फेटे, निवृत्त सर आणि बाईंना बोलावून शाल-श्रीफळ, पाद्यपूजा, डोळे पाणावणं, मग जेवण आणि डीजे. मी थट्टा करत नाही. ऐंशीच्या घरातल्या बाईंना पन्नाशीचा पोरगा व्हीलचेअरवरून स्टेजवर आणतो तेव्हा मीही मान वळवून घेतो. पण मागच्या एका मेळाव्यात एका निवृत्त सरांनी सत्काराला उत्तर देताना दोनच वाक्यं बोलली. म्हणाले, "शाली माझ्याकडे चौदा झाल्या. ज्या शाळेत तुम्ही शिकले तिथे यंदा पहिलीत किती लेकरं आली, ते कोणाला माहीत आहे का?" मांडवात शांतता. कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी तर या गावचा पत्रकार.

त्या बॅचने मग एक काम केलं ते सांगतो. उरलेल्या वर्गणीतून दुसऱ्या शाली घेतल्या नाहीत. शाळेच्या एका खोलीचं छत गळत होतं ते नीट करून घेतलं, आणि दोघंजण दर शनिवारी आठवीच्या पोरांना गणित शिकवायला जातात. एक बँकेत आहे, दुसऱ्याचं हार्डवेअरचं दुकान. फोटो टाकू नका म्हणाले म्हणून नावं देत नाही.

मी एक वही केली आहे. पुलगाव आणि आसपासच्या खेड्यांतल्या, साधारण 1950 ते 1990 या काळात शिकवलेल्या शिक्षकांची नोंद. कोणती शाळा, कोणती वर्षं, काय शिकवायचे, कोणाला काय आठवतं. सध्या एकेचाळीस नावं झाली आहेत, त्यात बाया फक्त सहा, आणि हे खरं असूच शकत नाही. नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेतल्या बाई, रात्रीच्या वर्गावर शिकवणारे, उर्दू आणि हिंदी शाळांतले, बालवाडीच्या ताई, कोणाचंही चालेल. तुमच्याकडे जुना ग्रुप फोटो असेल, सहीचं प्रगतिपुस्तक असेल, पत्र असेल, तर मूळ देऊ नका, मोबाईलवर फोटो काढून मला मेसेजमध्ये पाठवा. जे हयात आहेत त्यांच्याबद्दल लिहायच्या आधी त्यांना विचारून घ्या, मीही विचारणार आहे. रविवारी सकाळी मी स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर दहा ते बारा असतो, वही सोबत असते.